‘हे शक्य नाही’ हे वाक्य तपासायचं कसं? राजकीय विचारातलं व्यवहार्यतेचं स्थान

प्रश्न दोन भागांत आहे. न्यायाचं एखादं तत्त्व व्यवहारात उतरवता येत नसेल, तर ते तत्त्वच चुकीचं ठरतं का? आणि एखादी मागणी व्यवहार्य आहे की नाही, हे ठरवायचं कोणत्या कसोटीवर? राज्यशास्त्राचे विद्यार्थी बहुधा पहिल्या भागात अडकतात. धोरणाच्या टिपण्या लिहिणारे दुसऱ्या भागापासून सुरुवात करतात आणि पहिला विसरतात. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्र देतो.

तत्त्व चुकीचं ठरत नाही. त्या तत्त्वामुळे आज कोणावर कोणती जबाबदारी येते, हे मात्र व्यवहार्यता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ‘शक्य नाही’ हे वाक्य आहे तसं तपासताच येत नाही, कारण ते अर्धवट आहे. कोणाला शक्य नाही? केव्हापर्यंत? कोणत्या साधनांनी? आज आहोत तिथून निघून, की दुसऱ्याच कुठल्या परिस्थितीतून? या चार रिकाम्या जागा भरायला बसलं, की पुष्कळ वाद तिथेच निवळतात.

आधी पातळ्या वेगळ्या करायच्या. रोजगाराचं उदाहरण घेऊ. ‘राबायची तयारी असलेल्या माणसावर उपासमारीची पाळी येऊ नये’ हे मूल्य झालं. ‘काम मागणाऱ्याला काम देण्याची सरकारवर कायद्याने सक्ती असावी’ ही संस्था झाली. ‘या उन्हाळ्यात या तालुक्यात इतके पाझर तलाव काढावेत’ ही कृती झाली. ‘तिजोरीत पैसा नाही’ हा आक्षेप कृतीला लागू पडतो, कधी संस्थेलाही लागू पडतो. मूल्याला तो स्पर्शही करत नाही. पैसा नसला म्हणून उपासमार न्याय्य होत नाही. ती टाळता न आलेली वाईट गोष्टच राहते. यावर तत्त्वज्ञांत खरा मतभेद आहे. जी. ए. कोहेन यांच्या मते अगदी मुळाशी असलेली तत्त्वं वस्तुस्थितीवर अवलंबून नसतातच. जॉन रॉल्स यांच्या मते न्यायाची तत्त्वं माणसांच्या स्वभावाला पेलणारी आणि पिढ्यान् पिढ्या टिकणारी असली पाहिजेत. मला मुळाच्या पातळीवर कोहेन यांचं म्हणणं पटतं. पण सार्वजनिक जीवनातली भांडणं सहसा मुळाशी नसतात, ती संस्थेच्या पातळीवर असतात, आणि तिथे रॉल्स यांची अट टाळता येत नाही. वादात समोरचा कोणत्या पातळीवर बोलतो आहे हे न ठरवता उत्तर दिलं, की दोघंही बरोबर असून तास तास भांडत राहतात.

दुसरी गल्लत याहून महागात पडते: ‘करता येत नाही’ आणि ‘करायचं नाही’ यांतली.

महाडचं चवदार तळं पाहा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला. पाणी होतं, पायऱ्या होत्या, कायदेशीर मुभा होती. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह पाणी घेईपर्यंत ती मुभा कागदावरच राहिली. त्यानंतर मारहाण झाली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. या सगळ्या काळात ‘हे होणं शक्य नाही, गावातली माणसं ऐकणार नाहीत’ हेच ऐकवलं जात होतं.

आता यात अशक्य काय होतं? जे अडवत होते, त्यांनी आपला हात आवरायचा होता, इतकंच. स्वतःच्या अनिच्छेला कोणी स्वतःच्या सुटकेचं कारण म्हणून पुढे करू शकत नाही. ‘मी बदलणार नाही, म्हणून बदल अशक्य आहे, म्हणून मी बदलायला बांधील नाही’ हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. पण सत्याग्रह आखणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं, तर तीच अनिच्छा खरीखुरी अडचण आहे. किती माणसं जमवावी लागतील, दगडफेक झाली तर बायकापोरांना कुठे न्यायचं, पोलिसांकडून काय अपेक्षा करायची, खटल्याला किती वर्षं लागतील, हे सगळं त्याला मोजावंच लागतं. एकच वस्तुस्थिती अडवणाऱ्याच्या तोंडी सबब असते आणि आखणाऱ्याच्या हिशेबात मर्यादा. म्हणून व्यवहार्यतेचा दावा समोर आला की पहिला प्रश्न हा विचारावा: बोलणारा स्वतः त्या अडथळ्याचा भाग आहे का? असेल तर त्याचा दावा अंदाज म्हणून नोंदवावा, त्याची जबाबदारी कमी करणारं कारण म्हणून मान्य करू नये.

अडथळ्यांचं वर्गीकरणही हाताशी असावं. काही अडथळे तर्काचे आणि निसर्गाचे असतात. ते हलत नाहीत. एकाच धरणातलं तेच पाणी दोन कालव्यांना पूर्ण देता येत नाही. काही साधनांचे असतात: पैसा, माणसं, पोलाद, वेळ. काही यंत्रणेचे असतात: नोंदी, मोजमाप, प्रशिक्षित कर्मचारी. उरलेले इच्छेचे आणि हितसंबंधांचे. पहिला वर्ग सोडला तर बाकीचे सगळे सैल होऊ शकतात. किती काळात आणि कोणत्या किमतीला, एवढाच फरक. नेहमी चूक अशी होते, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातला अडथळा पहिल्या वर्गातला असल्यासारखा मांडला जातो.

याचं भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे प्रौढ मताधिकार. १९३२ सालच्या लोथियन समितीपुढे सगळ्या प्रौढांना मत देण्याचा प्रश्न होता. समितीने तत्त्वाला विरोध केला नाही, पण तत्काळ सार्वत्रिक मताधिकार प्रशासनाला पेलणार नाही असा निष्कर्ष काढला: मतदार फार, बहुतेक निरक्षर, मतदान केंद्रांसाठी कर्मचारी आणि पोलीस अपुरे, स्त्री मतदारांसाठी स्त्री अधिकारी मिळणं कठीण. डॉ. आंबेडकर या समितीचे सदस्य होते, आणि त्याआधीच त्यांनी सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केलेली होती. १९३५ च्या कायद्याने मत मिळालं ते तीन-साडेतीन कोटी लोकांना. १९५१-५२ च्या निवडणुकीत मतदार होते १७ कोटींहून अधिक.

मधल्या वीस वर्षांत साक्षरता काही आकाशाला भिडली नव्हती. १९५१ च्या जनगणनेत ती सुमारे १८ टक्के होती. बदलली ती मतदानाची रीत. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. त्यामुळे लिहिणं नाही, वाचणं नाही, कुठे खूण करणं नाही. निरक्षरता ही अडचण उमेदवाराचं नाव वाचायला लावणाऱ्या मतपत्रिकेची होती. मतपत्रिकाच बदलली तेव्हा अडचण उरली नाही. कर्मचारी आणि पोलीस अपुरे होते ही गोष्ट खरीच होती. त्यावर उपाय म्हणून मतदान ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ असं टप्प्याटप्प्याने घेतलं, म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा वापरता आली. पोलादी पेट्या लाखोंनी लागल्या. त्यांतल्या पुष्कळशा मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. मतदार याद्यांचं काम तर राज्यघटना मंजूर होण्याआधीच, १९४८ मध्ये, सुरू झालं होतं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाला हे सगळं जमलं, कारण ‘शक्य आहे का?’ या प्रश्नाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळं उत्तर शोधलं गेलं.

पण इथेच थांबलं तर चित्र खोटं होईल. त्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं, आणि नावाशिवाय नोंद ठेवायची नाही असा आयोगाने निर्णय घेतला. एखादी व्यवस्था एकूणात व्यवहार्य असते, तेव्हा ती कोणासाठी व्यवहार्य नाही हे वेगळं तपासावं लागतं. सरासरीचा आकडा हे दाखवत नाही. त्या स्त्रियांच्या बाजूने पाहिलं तर १९५२ साली सार्वत्रिक मताधिकार त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता.

आता महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेकडे येऊ. व्यवहार्यतेचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न या एका योजनेत सापडतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आणि ३७ व्या अनुच्छेदानुसार तो न्यायालयात मागता येत नाही. घटना समितीत के. टी. शाह यांनी या मार्गदर्शक तत्त्वांची तुलना, बँकेला सवड होईल तेव्हा वटणाऱ्या धनादेशाशी केली होती. आक्षेप नेमका होता. ‘कुवतीच्या मर्यादेत’ असं लिहिलं आणि कुवत कोणी, कशी मोजायची हे लिहिलं नाही, तर मर्यादा नेहमी मागणाऱ्याच्या तोंडावरच येऊन आदळते.

महाराष्ट्रात या कुवतीचं उत्तर हळूहळू बांधलं गेलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर नेण्याचं ठरलं आणि त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. खडी फोडणं, रस्ते, नाला बांध, पाझर तलाव आणि सोबत सुकडीचं, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊचं, वाटप. त्या आकड्याने एक गोष्ट सिद्ध झाली: इतक्या माणसांना काम देण्याची प्रशासनाची ताकद आहे. ती दरवर्षी, हक्क म्हणून वापरता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

पैशाचं उत्तर पाहा. १९७५ साली व्यवसाय कर आला. नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. वर्षाला २,५०० का? कारण घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराची कमाल मर्यादा ठरवली आहे. ती आधी २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. याशिवाय वाहनं, विक्री, बागायती जमीन यांच्यावर जादा आकार लावले, आणि या खास करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. ‘पैसा नाही’ हा अडथळा साधनांच्या वर्गातला होता, आणि तो सैल करायची किंमत शहरातल्या पगारदारांनी भरली. मला ही तडजोड फार मोलाची वाटते, कारण तिच्यात किंमत लपवलेली नाही.

दुसरा अडथळा माहितीचा होता. गरीब कोण, हे ठरवायला याद्या कराव्या लागतात. याद्यांत वशिला लागतो, चुका होतात, खरे गरजू बाहेर राहतात. योजनेने हा प्रश्न सोडवण्याऐवजी टाळला. काम अंगमेहनतीचं, मजुरी केलेल्या कामाच्या मापावर, आणि मागेल त्याला. ज्याला दुसरीकडे बरं काम मिळतं तो उन्हात घमेलं उचलायला येत नाही, म्हणून निवड आपोआप होते. संस्था आखताना हा धडा फार उपयोगी आहे: जी माहिती मिळवणं अवघड आहे, तिच्यावर व्यवस्था उभीच करू नये.

तिसरा अडथळा वेळेचा. मागणी आल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, तर काम आधीच मंजूर होऊन पडून असलं पाहिजे. म्हणून तालुक्याचा आराखडा आगाऊ तयार ठेवायचा: कुठला नाला, कुठला रस्ता, किती मनुष्यदिवस, मंजुरी कोणाची. खर्चात मजुरीचा वाटा किमान ६० टक्के. नवं काम काढायला किमान ५० मजूर. ही शेवटची अट प्रशासनाच्या सोयीची, पण वाडीवस्तीवरच्या वीस माणसांसाठी तीच हमी बंद करणारी. ‘१५ दिवस’ हा शब्द कायद्यात लिहायला एक ओळ लागते. तो खरा करायला आराखडा, अभियंते आणि मंजुरीची साखळी लागते. यांतलं एक तुटलं तर हक्क तसाच छापलेला राहतो आणि कामावर माणूस नसतो.

मापाचा मुद्दा जवळून पाहण्यासारखा आहे. मातीकाम ब्रासवर मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे १० फूट लांब, १० फूट रुंद, १ फूट खोल खड्डा. दर ठरतो जमिनीच्या प्रकारावर: मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक. शिवाय माती किती लांब टाकायची आणि किती उंच चढवायची यावर. कायद्याचा हेतू असा की सरासरी माणसाने दिवसभर नेटाने काम केलं तर त्याला किमान मजुरी पडावी. पण मोजणाऱ्याने कठीण मुरमाची नोंद मऊ माती म्हणून केली, तर तेवढ्याच घामाला मजुरी कमी पडते. मोजमाप पुस्तिकेत नोंद उशिरा झाली तर पगार उशिरा होतो, आणि हातावर पोट असलेला माणूस पंधरा दिवस थांबू शकत नाही. तो काम सोडून ऊसतोडीला किंवा शहरात जातो. मग मागणीच नाही, असा अहवाल जातो. हक्क कुठे मोडतो हे कायदा वाचून कळत नाही. हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि पगारवाटपाची तारीख, ही तीन कागदपत्रं शेजारी ठेवली की कळतं.

आणि मग १९८८. त्या वर्षी शेतमजुरीचे किमान दर दुप्पट झाले. रोजगार हमीची मजुरी किमान मजुरीला बांधलेली असल्यामुळे तीही वाढली. वाढ न्याय्यच होती. आधीचे दर लाज वाटावी इतके कमी होते. पण त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. अभ्यासकांनी महिन्या-महिन्याचे आकडे तपासले तेव्हा त्यांना दिसलं, की मागणी आटली नव्हती, कामं कमी निघत होती. ‘मागेल त्याला’ या हमीचं प्रत्यक्षात ‘निधी पुरेल तेवढ्यांना’ असं रूप झालं. हमी, मजुरी आणि निधी ही तीन एकमेकांना बांधलेली आहेत. दोन वर उचलून तिसरं खालीच ठेवलं तर कुठेतरी दोर तुटतो, आणि तो सहसा सगळ्यांत कमी आवाज असलेल्या ठिकाणी तुटतो. अर्थशास्त्रात लिप्से आणि लँकेस्टर यांनी १९५६ साली दाखवलं होतं, की आदर्श स्थितीची एक अट पूर्ण होत नसेल, तर बाकीच्या अटी जमतील तेवढ्या पूर्ण करत जाणं हा उत्तम मार्ग असेलच असं नाही. राजकीय विचारात हे वारंवार विसरलं जातं. आदर्शाच्या ‘जवळ’ जाणं म्हणजे सुधारणाच, असं गृहीत धरता येत नाही. मजुरी वाढवू नका, असा याचा अर्थ काढू नये. वाढवताना निधीचा स्रोत त्याच कायद्यात लिहा, एवढाच काढावा.

‘एका ठिकाणी झालं आहे, म्हणजे शक्य आहे’ हा युक्तिवाद कुठवर चालतो, हेही याच योजनेवरून कळतं. २००५ साली राष्ट्रीय रोजगार हमी कायदा होताना, देशभर हे जमणार नाही म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राची जवळजवळ तीन दशकं दाखवता आली. तो पुरावा भक्कम होता, पण पुरा नव्हता. महाराष्ट्राकडे मुंबई होती. व्यवसाय कर भरणारा पगारदार वर्ग प्रत्येक राज्याकडे त्या प्रमाणात नाही. म्हणून २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला, आणि काम न दिल्यास द्यायचा बेकारी भत्ता राज्यावर ठेवला, म्हणजे काम न देण्यात राज्याला फायदा राहू नये. महाराष्ट्रात दिवसांची मर्यादा नव्हती. देशाच्या कायद्यात कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवस आले. २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्हे, १ एप्रिल २००८ पासून सगळे ग्रामीण जिल्हे. विस्तार मिळवण्यासाठी खोली कमी केली गेली. ही अदलाबदल योग्य होती का, यावर मतभेद होऊ शकतो. माझ्या मते होती, कारण शून्य दिवसांवर असलेल्या राज्यांची संख्या मोठी होती.

शिक्षणाचा इतिहास हाच मुद्दा उलट बाजूने सांगतो. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती सगळ्या बडोदे संस्थानात नेली. गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणलं तेव्हा हे उदाहरण डोळ्यांसमोर होतं. विधेयकही अत्यंत सावध होतं: आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात अशाच भागात सक्ती, वय ६ ते १०, खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारचा. तरी १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. ते पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. इथे दोन संभाव्यता वेगळ्या ठेवाव्या लागतात. विधेयक मंजूर होण्याची शक्यता कमी होती. मंजूर झालं असतं तर ते चालण्याची शक्यता मात्र बरीच होती. विरोधकांनी पहिला अंदाज दुसऱ्याच्या जागी ठेवला. व्यवहार्यतेचा खरा प्रश्न ‘प्रयत्न केला तर जमेल का’ हा आहे; ‘प्रयत्न करतील का’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि रणनीती ठरवताना तो विचारावा.

पुढे घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी १० वर्षांची मुदत घातली. मार्गदर्शक तत्त्वांत मुदत असलेलं हे एकच कलम. मुदत होती, पैसा कोणाचा, चुकलं तर जाब कोणाला, हे नव्हतं. हक्क अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. चार जागांपैकी ‘केव्हापर्यंत’ ही एकच भरली तर काय होतं, ते या पन्नास वर्षांत दिसतं.

टिकाऊपणा हा मुद्दा थोडक्यात. व्यवस्था एकदा आणणं वेगळं, रोज चालवणं वेगळं. मुंबई राज्यातला १९४९ चा दारूबंदी कायदा आणता आला, पण विकणारा आणि विकत घेणारा दोघंही राजी असल्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं. सगळा भार पोलिसांवर पडला, हातभट्ट्या आणि हप्ते वाढले, आणि पुढे परवाने देत देत कायदा सैल करावा लागला. रोजगार हमीत काम न मिळालेला मजूर स्वतः तक्रारदार असतो, मतदानात नाव गळालेला मतदार असतो. एखादी संस्था टिकेल का हे पाहताना विचारावं: ती मोडली तर ओरडणारा कोणी आहे का, आणि त्याच्या हाती तारीख घातलेली पोच आहे का?

प्रत्यक्ष तपासणीला बसताना मी क्रम असा ठेवेन. मागणी एका वाक्यात लिहायची आणि ती कोणत्या पातळीची आहे ते शेजारी लिहायचं. चार जागा भरायच्या. प्रत्येक अडथळ्याचा वर्ग लिहायचा आणि ‘हे कोण सांगतं, आणि बदल झाला तर त्याचं काय जातं’ हे त्याच ओळीत. मग आजपासून तिथपर्यंतच्या वाटेतला प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे उभा राहतो का, हे पाहायचं. कारण मध्येच थांबावं लागलं तर माणसं आधीपेक्षा वाईट अवस्थेत सापडता कामा नयेत. शेवटी अपयशाची किंमत कोण भरणार ते लिहायचं. फसण्याची शक्यता असलेली गोष्टही करून पाहण्यासारखी असू शकते, पण फसल्यावर नुकसान आखणाऱ्याचं होणार असेल तर वेगळा हिशेब, आणि ज्यांच्यासाठी आखलं त्यांचंच होणार असेल तर वेगळा.

हीच रीत आज शहरी रोजगार हमीला लावून पाहता येते. केरळात २०१० पासून आणि राजस्थानात २०२२ पासून शहरांसाठी अशा योजना आल्या, म्हणजे नमुने आहेत. अडचणी वेगळ्या आहेत. शहरात ब्रासचं माप चालत नाही. नालेसफाई, झाडं जगवणं, आजाऱ्यांची काळजी, शाळेतली मदत यांचं एकक काय धरायचं? मजुरी तासावर दिली तर देखरेख लागते, कामाच्या मापावर दिली तर माप लागतं. कामं आखायला नगरपालिकांकडे अभियंते पुरेसे आहेत का? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, सहा महिन्यांनी वस्ती बदलणाऱ्या मजुराची नोंदणी कोणत्या वॉर्डात करायची? आणि पुन्हा तेच: पैसा व्यवसाय करातून यायचा असेल तर २,५०० ची मर्यादा १९८८ पासून हललेली नाही, आणि ती हलवण्यासाठी घटनादुरुस्ती लागते. यातला एकही अडथळा निसर्गाचा नाही. सगळ्यात अवघड मला कामाच्या एककाचा वाटतो, कारण पैशाचं उत्तर संसदेत मिळू शकतं, पण काळजीचं काम कोणत्या मापाने मोजायचं हे आधी कुठल्यातरी एका वॉर्डात, तासगावसारखंच, करून पाहावं लागेल.